मांडी, झोळी आणि घडीची बाबागाडी

मागचे दोन भाग आपण सैन्याच्या रसदीवर बोललो. बैलगाड्या झाल्या, खेचरं झाली, आगगाडी झाली. आजचा विषयही रसदीचाच आहे, पण ज्याच्यासाठी ती हलवायची तो जवान आठ-दहा किलोचा असतो, हुकूम ऐकत नाही आणि कूच सुरू झाली की पाचव्या मिनिटाला भूक लागल्याचं कळवतो. लहान मुलाला घेऊन प्रवास करताना काय बरोबर घ्यायचं, आणि त्या वस्तू मुळात आल्या कुठून, हे आज बघू.

निमित्त घरचंच. गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या मुलीचा बंगळुरूहून फोन आला. नातू दहा महिन्यांचा, पहिल्यांदा पुण्याला यायचा होता. ती म्हणाली, "बाबा, विमानतळावर यायच्या आधी गाडीत चाइल्ड सीट बसवून घ्या. जमणार नसेल तर सांगा, मी माझी सोय करते." मी चिडलो. म्हटलं, "अगं, तुला आम्ही पठाणकोटपासून योलपर्यंत आईच्या मांडीवर नेलंय. काय झालं तुला?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "हो बाबा, माहितीये मला." आणि यादी पाठवते म्हणून फोन ठेवला.

यादीत पाच वस्तू होत्या: चाइल्ड सीट, घडीची बाबागाडी, अंगावर बांधायचा कॅरिअर, प्रवासी पाळणा आणि छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी. आयुष्यभराची सवय, रेकी केल्याशिवाय हलायचं नाही. मग मी वाचायला बसलो. दुकानात जायच्या आधी जवळजवळ दोनशे नव्वद वर्षं मागे जाऊन आलो.

सगळ्यात जुनं साधन आपल्याला ठाऊक आहे: कापड. ऊसतोडीच्या फडावर झाडाला किंवा गाडीच्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधलेली तुम्ही पाहिली असेल. रेल्वेच्या जनरल डब्यात दोन बर्थांच्या मध्ये साडीची झोळी करून त्यात निवांत झोपलेलं मूल मी बिहारच्या गाडीतही पाहिलंय आणि तमिळनाडूच्या गाडीतही. नागालँडमध्ये होतो तेव्हा पाठीवर शालीत नातवंड बांधून अख्खा बाजार करणाऱ्या आज्या रोज दिसायच्या. किलोभरसुद्धा वजन नाही, घडी घालायला शिकावं लागत नाही, आणि मूल मोठं झालं की कापड परत कापडाच्याच कामाला येतं. लष्करात एखाद्या साधनाला इतके उपयोग असते तर आम्ही त्याला वेगळा क्रमांक देऊन तीन प्रतींत नोंद केली असती.

युरोप-अमेरिकेतल्या शहरी घरांत मात्र ही विद्या मागे पडली होती. ती परत कशी गेली, त्याची गोष्ट छान आहे. अ‍ॅन मूर ही अमेरिकन परिचारिका 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पीस कोअरच्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात होती. तिथल्या आया मुलांना पाठीवर कापडात बांधून सगळी कामं करत आणि मुलं शांत असत, हे तिने पाहिलं. परत गेल्यावर स्वतःला मुलगी झाली, तेव्हा तिने तसंच बांधायचा प्रयत्न केला, पण मूल सरकायला लागलं. टोगोतल्या बाईचा हात लहानपणापासून त्या गाठीला सरावलेला असतो, हिचा नव्हता. मग ओहायोत राहणाऱ्या तिच्या आईने पट्टे लावून एक पिशवी शिवून दिली. 1969 मध्ये त्याचं पेटंट मिळालं, 'स्नगली' नावाने ती विकली जाऊ लागली. आज दुकानात टांगलेले सगळे बेबी कॅरिअर कमी-अधिक तिचेच वंशज. म्हणजे ज्या वस्तूला आपण परदेशी फॅशन म्हणून नाक मुरडतो, ती झोळीचीच शिवलेली आवृत्ती आहे.

कॅरिअर घेताना इतिहास एक गोष्ट मात्र बजावतो. अमेरिकेतल्या नवाहो लोकांत मुलाला लाकडी फळीवर पाय सरळ करून घट्ट बांधायची पद्धत होती, आणि त्यांच्यात खुब्याचा सांधा निखळलेली मुलं जास्त आढळली. आफ्रिकेत पाठीवर फाकलेल्या पायांनी बसणाऱ्या मुलांत हा दोष क्वचित. तेव्हा कॅरिअरमध्ये मुलाचे गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर आणि मांड्या फाकलेल्या राहतात का, एवढं बघा. पाय नुसते खाली लोंबत असतील तर तो कॅरिअर नको. आणि मुलाचं नाक-तोंड कापडात दडपलेलं नको, चेहरा कायम दिसला पाहिजे.

पाठीवर बांधण्याची गोष्ट निघाली की आपल्याला झाशीची राणी आठवणारच. घोडा, हातात तलवार, पाठीशी मूल. देशभरात असे पुतळे आहेत. मी बबिन्याला होतो, झाशी शेजारीच, तेव्हा किल्ल्यावर उभा राहून या गोष्टीचा बराच विचार केला होता. दत्तकविधान नोव्हेंबर 1853 चं. दामोदरराव तेव्हाच पाळण्यातला नव्हता. एप्रिल 1858 मध्ये राणी किल्ल्याबाहेर पडली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असणार. पुतळ्यांत मात्र बहुतेक वेळा तान्हं मूल दाखवतात. तो तिच्या पाठीशी बांधलेला होता, हे त्या वेळी झाशीत असलेल्या गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्येही येतं. मग एवढ्या मोठ्या मुलाला बांधायचं कशाला? तो घोड्यावर मागे बसू शकला असता की.

उत्तर घोडेस्वाराला विचारा. रात्रीची वेळ, पुढे काल्पीपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास दौड, मागे पाठलागावर इंग्रजांचे स्वार. दमलेलं मूल पेंगणार, घोडा अचानक वळणार किंवा थांबणार, आणि राणीचे हात लगामाला अडकलेले. मूल धरून ठेवायला हात उरत नाहीत, म्हणून कापडाने बांधायचं. या बांधण्याचा हेतू मूल वाहून नेण्याचा नव्हता, ते जागच्या जागी राहावं हा होता. हा फरक मला तेव्हा किल्ल्यावर नीट कळला होता. स्वतःच्या बाबतीत लागू करायला मात्र फार वर्षं गेली. त्याकडे येतो.

आता चाकांकडे. बाबागाडीची सुरुवात 1733 पासून सांगतात. इंग्लंडमध्ये डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकने विल्यम केंट या नामांकित वास्तुकाराकडून मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी करून घेतली. ती ओढायची बकरीने किंवा छोट्या तट्टाने. म्हणजे सुरुवातीला हे श्रीमंतांचं खेळणं. पुढे एकोणिसाव्या शतकात दांडा लावून माणसाने ढकलायच्या गाड्या आल्या, आणि त्या ढकलायला दाया आल्या. 1889 मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने बसायचा भाग उलटा फिरवता येईल अशा गाडीचं पेटंट घेतलं, म्हणजे मूल हवं तर ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसेल. पण वजनाचा विचार कोणी केला नाही, कारण ज्यांच्या घरी गाडी होती त्यांना ती उचलावी लागत नव्हती.

एक छोटं विषयांतर करतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी विषारी वायूपासून संरक्षणाचं शिरस्त्राण काढलं होतं. मूल डोक्यापासून कमरेपर्यंत त्यात आणि बाहेरून आईने भात्याने सतत हवा मारायची. भाता थांबला की आतल्या मुलाला ताजी हवा नाही. आता कल्पना करा, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतोय, अंधार आहे, आणखी एक मूल पदर धरून उभं आहे आणि आईचे दोन्ही हात भात्यावर. सुदैवाने तिथे वायुहल्ला झाला नाही. पण तेव्हापासून मुलांची कुठलीही वस्तू हातात घेतली की मी आधी विचारतो, ही वापरताना आईचा एक हात तरी मोकळा राहतो का?

वजनाचा प्रश्न सोडवला तो एका विमानवाल्याने. ओवेन मॅक्लारेन हा वैमानिक आणि विमानांच्या चाकांच्या रचनेत मुरलेला अभियंता. स्पिटफायरच्या लँडिंग गिअरशी त्याचं नाव जोडलं जातं. 1960 च्या दशकात मुलगी बाळाला घेऊन परदेशातून आली, आणि ती अवजड बाबागाडी विमानप्रवासात सांभाळताना तिची होणारी तारांबळ या आजोबांनी पाहिली. विमानाची चाकं उड्डाणानंतर पोटात मिटतात, उतरताना उघडतात, उघडल्यावर भार सोसतात आणि तरी वजनाला हलकी असावी लागतात. आयुष्यभर तेच केलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींत अशा गुंफल्या की गाडी छत्रीसारखी दोन दिशांनी मिटते. वजन जेमतेम तीन किलो. 1965 मध्ये पेटंटसाठी अर्ज, 1967 पासून उत्पादन, तेही घराजवळच्या घोड्यांच्या पागेत. आजही 'अम्ब्रेला स्ट्रोलर' म्हणतात ती हीच.

हे वाचताना मला 1988 सालची आमची बाबागाडी आठवली. सासऱ्यांनी पहिल्या नातीसाठी कौतुकाने घेतलेली, लोखंडी सांगाड्याची, वर निळं रेक्झिन. मी तेव्हा कॅप्टन होतो, योलला नुकतंच फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. सौ. आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघाली, बरोबर तिचा भाऊ. दोन दिवसांचा प्रवास, काळ्या ट्रंका, होल्डॉल आणि ही गाडी. पठाणकोटला ती गाडी उतरवायला एक हमाल फक्त तिच्यासाठी लागला. मी मित्राची फियाट मागून आणली होती. बाबागाडी डिकीत मावेना, म्हणून टपावर ठेवली आणि मी स्वतः दोरीने आवळून बांधली. गाठी तीनदा तपासल्या. रस्त्यात पडली तर सासऱ्यांना काय सांगणार! मेहुणा मागे सामानात कोंबून बसला, सौ. पुढे, मुलगी तिच्या मांडीवर.

नूरपूरच्या पुढे एका वळणावर गद्दी लोकांचा कळप आला. नोव्हेंबर महिना, डोंगरावरून मेंढ्या घेऊन ते खाली उतरत होते. मी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, टक्कर झाली नाही, एकही मेंढी मेली नाही. पण सौ. त्याच क्षणी मागून दुधाची बाटली घ्यायला वळली होती. मुलगी मांडीवरून उडाली आणि डॅशबोर्डच्या कडेवर आपटली. डाव्या भुवईवर चार टाके. टपावरची बाबागाडी जागची हलली नव्हती.

तो गद्दी मेंढपाळ धावत आला, स्वतःचं पागोटं काढून जखमेवर दाबायला दिलं. त्याच्या चोळ्यात, कमरेला गुंडाळलेल्या काळ्या लोकरी डोऱ्याच्या वर, छातीशी एक नवजात कोकरू होतं. नुसतं तोंड बाहेर. एवढ्या धावपळीत ते पडलं नाही, हे मला त्या गोंधळातही दिसलं.

घरी आम्ही सांगितलं, मुलगी पाळण्यातून पडली. मी सांगितलं. सौ. गप्प बसली.

आता गणिताकडे, कारण ते मी तेव्हा करायला हवं होतं. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आपटून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या वस्तूवर सरासरी वजनाच्या वीसपट जोर येतो. आठ किलोचं मूल त्या क्षणी एकशे साठ किलोंच्या ओढीने पुढे जातं. एकशे साठ किलो धरून ठेवणारा जवान मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, आणि ते बसल्या जागी, न कळवता, एका झटक्यात. मांडी प्रेमाची असली तरी पकड तेवढीच.

मोठ्यांसाठी हे उत्तर 1959 मध्ये आलं. व्होल्वोच्या निल्स बोलिनने तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. तान्ह्या मुलासाठी तो चालत नाही, कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि मान कोवळी. पट्ट्याने धड थांबतं, डोकं पुढे जातं. स्वीडनच्या बर्टिल अल्डमन या डॉक्टरने जेमिनी यानाचे अंतराळवीर पाठीवर रेलून, साच्यासारख्या आसनात बसलेले पाहिले, आणि 1964 च्या सुमारास मागे तोंड करून बसायच्या मुलांच्या आसनाचा नमुना तयार झाला. धक्का बसला की सगळी पाठ, मान, डोकं एकत्र आसनात दाबलं जातं. अमेरिकेत टेनेसी राज्याने 1978 पासून मुलांसाठी असं आसन सक्तीचं केलं, त्या देशातलं पहिलं. आपल्याकडे 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीत चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा आसनाविना असेल तर एक हजार रुपये दंड आला. 2022 मध्ये दुचाकीचा नियम निघाला: चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 च्या आत. हा नियम वाचून मला झाशीच आठवली.

विमानात दोन वर्षांखालचं मूल अजूनही मांडीवर चालतं. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटीला एक विमान नियंत्रण गमावून उतरलं, त्यात मांडीवरची चार मुलं होती. उतरण्याआधी तेव्हाच्या नियमाप्रमाणे हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी आईबापांना मुलं पायांशी जमिनीवर ठेवायला सांगितली. एक मूल गेलं. विमानाबाहेर आल्यावर त्याची आई समोर भेटली. त्यानंतर ब्राऊन यांनी उरलेलं आयुष्य मुलांना स्वतंत्र आसन मिळावं या मागणीत घातलं. नियम बदलला नाही.

तर मी काय घेतलं? चाइल्ड सीट सगळ्यात आधी, आणि त्यात पैसे वाचवले नाहीत. मागे तोंड करून बसवता येणारी, लेबलवर आर-44 किंवा आर-129 हे मानक छापलेली. आमच्या गाडीत आयसोफिक्सचे हुक आहेत, तुमच्या गाडीत नसतील तर पट्ट्याने बसणारी घ्या, पण विकत घेण्याआधी आपल्याच गाडीत लावून बघा. आणि मागे तोंड केलेली सीट एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या जागी, कधीही लावू नका. वापरलेली घ्यायची तर ज्याच्या घरची माहिती आहे त्याचीच. अपघातातून गेलेली सीट बाहेरून चांगलीच दिसते.

बाबागाडी छत्रीची घेतली, पण एक कबूल करतो: आपल्या फूटपाथवर तिची छोटी चाकं अडतात. विमानतळ, मॉल, मोठं स्टेशन, तिथे ठीक. सहा महिन्यांच्या आतल्या मुलासाठी ती नको, पाठ सपाट राहत नाही. दुकानात विक्रेत्याला घडी घालू देऊ नका. मूल कडेवर घेऊन तुम्ही एका हाताने घाला, मग ठरवा. देवस्थानाच्या पायऱ्या, गड, गल्ल्या असतील तर कॅरिअरच. मात्र चालत्या मोटारीत कॅरिअर म्हणजे पट्टा नव्हे, तिथे मुलाच्या अंगावर तुमचंही वजन येतं.

प्रवासी पाळणा मी कापला. मुलीच्या यादीतून वस्तू कापायचा तो एकच धीर केला. घरी सतरंजी आहे, चादर आहे, पलंगावरून पडायची भीती नाही. रेल्वेने 2022 मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडायचा घडीचा बेबी बर्थ करून पाहिला होता, तसं काही सर्रास आलं तर बघू. मच्छरदाणी मात्र घेतली. 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरनेच डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, तेव्हा ती वस्तू मी आमच्याच खात्याची समजतो. यादीत ती सगळ्यात स्वस्त होती आणि सगळ्यात जास्त वापरली गेली.

सीट बसवायला मला चाळीस मिनिटं लागली. विमानतळावर मुलीने आधी नातवाला माझ्याकडे दिलं, मग वाकून सीट दोन्ही हातांनी धरून जोरात हलवली, पट्टा ओढून बघितला. हलली नाही. नातू आत बसला, बक्कल लागलं.

येरवड्याच्या सिग्नलला मी आरशात न बघता म्हटलं, "तुझ्या भुवईवरची ती खूण आहे ना, ती पाळण्यातून पडल्याची नाही."

ती म्हणाली, "आईने मी दहावीत असतानाच सांगितलं होतं, बाबा. सिग्नल सुटलाय."